दुखऱ्या हातांचा श्रावण

पाण्याची बाटली काही केल्या उघडेना.

राजनंदिनीनं ती मांडीत धरून पाहिली, मग गुडघ्यांत दाबून डाव्या हातानं झाकण पिळून पाहिलं. झाकण जागचं हललं नाही. उजवा हात असून नसल्यासारखा होता, मनगटापासून अंगठ्यापर्यंत निळ्या पट्ट्यात जखडलेला. बाहेर नुकतीच श्रावणसर येऊन गेली होती, आणि बीडमधल्या त्या लहानशा फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ओल्या छत्र्यांचा आणि सॅनिटायझरचा मिळून एक वास भरून राहिला होता.

"आणा इकडं..." शेजारून आवाज आला.

बाकावर मधली जागा फुलीचं स्टिकर लावून रिकामी ठेवली होती. तिच्या पलीकडे एक तरुण बसला होता. मास्कमुळं त्याचे फक्त डोळे दिसत होते. पिंगट, आणि आत्ताच काहीतरी गंमत आठवल्यासारखे.

तिनं बाटली दिली. त्यानं मोठ्या ऐटीत ती डाव्या हातात धरली, उजव्यानं झाकण पिळलं... आणि झाकणाऐवजी सगळी बाटलीच डाव्या हातात गरकन फिरली. त्यानं पुन्हा धरली. पुन्हा तेच. त्याची करंगळी आणि शेजारचं बोट बाटलीला नुसती टेकत होती, धरत नव्हती.

"तुमचाही हात...?"

"डावा." तो ओशाळला. "तुमचा उजवा. म्हंजे आपण दोघं मिळून एक माणूस धड हाय बघा."

राजनंदिनीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी, आणि तेही एका परक्या माणसासमोर. "मी धरते, तुम्ही पिळा," ती म्हणाली, आणि फुलीच्या स्टिकरवर सरकून बसली. तिनं डाव्या हातानं बाटली घट्ट आवळली, त्यानं उजव्यानं झाकण पिळलं. कट्ट आवाज झाला आणि पाण्याची चिळकांडी उडून त्याच्या पँटवर पडली.

"पाऊस आतबी आला," तो म्हणाला.

पाणी प्यायला तिनं मास्क खाली घेतला. तो बघतच राहिला. मग स्वतःच्याच ध्यानात आलं तसा गडबडून म्हणाला, "प्या की... थांबलात कावून?"

थांबली होती खरी. कारण त्यानंही मास्क हनुवटीवर ओढला होता, आणि डोळ्यांवरून तिनं मनाशी जो चेहरा जुळवला होता, त्यापेक्षा हा खरा चेहरा जास्त साधा निघाला होता. आणि जास्त चांगला.

"डावं कोपर! आत या," पडद्याआडून डॉक्टर ऋतुजांनी हाक दिली.

"मी गहिनीनाथ," उठता उठता तो म्हणाला. "हितं कुणी नावानं हाक मारत न्हाई, म्हणून सांगितलं."

"राजनंदिनी," ती म्हणाली. "इथं उजवा अंगठा."

*

राजनंदिनी बीडजवळच्या पालीची. पुण्यात एका कंपनीत नोकरीला होती. लॉकडाऊन लागलं तशी लॅपटॉप पाठीवर टाकून गावाकडं आली, ती महिनाभरासाठी म्हणून. दीड वर्ष गेलं. घरात टेबल नव्हतं. बाजेवर उशी, उशीवर लॅपटॉप, आणि वाकड्या मनगटानं सकाळपासून अंधार पडेपर्यंत टाइप करायचं. मीटिंग संपली की परातीत पीठ वाट बघत असायचं, कारण घरी असलेल्या मुलीनं भाकरी थापायची नाही तर कुणी? रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच अंगठ्यानं मोबाइल सरकवायचा, दुसरा विरंगुळा तरी काय होता! आधी अंगठा नुसता ठणकायचा. मग कुलपात किल्ली फिरेना. मग एक दिवस केसांची वेणी घालता येईना आणि ती आरशासमोर बसून रडली.

डॉक्टर ऋतुजा म्हणायच्या, "कोरोना न होताच कोरोनानं धरलेले हात आहेत हे." त्यांच्याकडं मास्क शिवून शिवून बोटं आखडलेल्या बाया यायच्या, मोबाइलनं अंगठे सुजलेली कॉलेजची पोरं यायची. आणि गहिनीनाथ यायचा.

तो चकलांब्याचा. बीडात खोली करून राहायचा, दहावीच्या पोरांना गणित शिकवायचा. क्लास बंद झाले तेव्हा गावी गेला आणि मोबाइलवरून शिकवू लागला.

"रेंज फक्त गच्चीच्या कठड्याच्या एका कोपऱ्यात," दुसऱ्या भेटीत त्यानं सांगितलं. "तिथं डावं कोपर टेकवायचं, मोबाइल असा वर धरायचा, आन् उजव्या हातानं पाटीवर लिहायचं. हात दुमडलेला तो दुमडलेलाच. बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, खरंच मुंग्या असतील. कठड्याला होत्याच की लई!"

ती इतकी हसली की पडद्याआडून डॉक्टर डोकावल्या.

दोघांची वेळ एकच होती, दुपारची. पुढं तो तिच्या आधी येऊन बसायला लागला. ती आली की नुसताच बाहेर बघत म्हणायचा, "आज ऊन पडलं वाटतं." बाहेर धो धो पाऊस असायचा.

घरी परतताना ती जिन्यात थांबायची, उगीचच. ओढणी सारखी करायची. गावाजवळच्या धरणाच्या बाजूनं येणारा गार वारा अंगणात शिरला की तिला त्या पिंगट डोळ्यांची आठवण यायची, आणि मग बराच वेळ काहीच सुचायचं नाही. मीटिंगमध्ये कुणी नाव घेऊन विचारलं की ती दचकायची. "आवाज तुटत होता," असं खोटंच सांगायची.

*

राजनंदिनीच्या हाताला मेणाचा शेक द्यायचे. स्टीलच्या खोलगट भांड्यात वितळलेलं मेण असायचं. हात बुडवायचा, वर काढायचा, पुन्हा बुडवायचा. थरावर थर चढत पांढरा मऊ हातमोजाच तयार व्हायचा. मग प्लास्टिक आणि टॉवेल गुंडाळून शांत बसायचं. ती ऊब हळूहळू मनगटात उतरायची, तिथून खांद्यापर्यंत चढायची. डोळे आपोआप मिटायचे.

एकदा तिनं डोळे उघडले तर समोरच्या खुर्चीत गहिनीनाथ. डाव्या हाताला मेण!

"तुम्हालाही?"

"आजपास्नं. बोटांना कळतंय आता सगळं, असं सांगितलं मी डॉक्टरांना."

दोघं समोरासमोर बसली होती. छतावरचा पंखा संथ फिरत होता. त्यानं हळूच विचारलं, "डोळे मिटून काय बघायलात?"

"काही नाही."

"मग उघडेच ठेवा की. मला तरी बघता येईल."

तिचे कान तापले. तिनं खोटं खोटं रागावून तोंड फिरवलं, पण डोळे काही मिटले नाहीत.

वेळ झाली तशी टॉवेल निघाले. तिनं मनगटापासून मेण सोलत आणलं, अख्खा हातमोजा अलगद निघाला. त्याला पहिल्याच दिवशी ते जमेना. "द्या," म्हणत तिनं त्याच्या हातावरचं मेण सोलायला घेतलं. पहिल्यांदाच त्याचा हात तिच्या हातात होता... आणि मग ती थांबली.

करंगळीच्या कडेला लालभडक डाग होता. वर टचटचीत फोड.

"हे काय? भाजलंय तुम्हाला! दुखत नाही?"

त्यानं बोटाकडं पाहिलं. दुसऱ्याच कुणाच्या बोटाकडं बघावं तसं. "न्हाई," तो हळूच म्हणाला. "कळलंच न्हाई."

डॉक्टर ऋतुजा धावत आल्या. गार पाणी, मलम, आणि त्याबरोबर जे बोलणं सुरू झालं ते थांबेचना. कापसानं तपासताना डोळे मिटायला सांगितले, तर किलकिले करून बघत होता ना? ज्या बोटांना स्पर्श कळत नाही त्यांना गरम लावायचंच नसतं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं नव्हतं का? आणि कोपरात शीर दाबली गेलीये, ऑपरेशन करून मोकळी करून घ्या, हे किती वेळा सांगायचं?

गहिनीनाथ वर्गात उभं केलेल्या पोरासारखा मान खाली घालून ऐकत होता.

राजनंदिनी पुढं निघाली. जिना उतरून खाली आल्यावर मात्र ती वळली. "खोटं कशासाठी बोललात?"

तो पायरीवरचं पाणी चपलेनं सारत राहिला.

"मी विचारतेय काहीतरी."

"तिथं... तुमच्यासमोर बसायला मिळत होतं," तो म्हणाला. "म्हणून."

रस्त्यावर रिक्षा भोंगे वाजवत होत्या, कुणीतरी केळीच्या गाड्यावर ताडपत्री ओढत होतं. राजनंदिनीला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. तिनं आपल्या स्कुटीची किल्ली त्याच्या उजव्या हातात ठेवली. "मला पालीपर्यंत सोडा. अंगठा दुखतोय. तुम्ही परत जीपनं या."

अंगठा दुखत होताच. पण इतकाही नाही.

*

पालीच्या अलीकडं बिंदुसरा धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहत होतं. माणसं बघायला आली होती, कणसं भाजली जात होती. दोघं जरा बाजूला, दगडी बांधाला टेकून उभी राहिली. पाण्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर तोंडावर येत होते. तिच्या कपाळावर बट चिकटली. तिचा उजवा हात पट्ट्यात, डाव्यात कणीस. त्यानं बट बाजूला करायला हात उचलला... आणि अर्ध्यातूनच खाली घेतला.

"ऑपरेशन का नाही करत?" तिनं विचारलं.

"भ्या वाटतं." त्यानं सरळच सांगितलं. "आमच्या गल्लीतला एक जण म्हणाला, शिरीचं काम हाय, हात कायमचा गेला तर? आता निदान तीन बोटं तरी हायत."

"आणि नाही केलं तर?"

त्यानं खाली पाहिलं. बांधावर ठेवलेल्या त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आपोआप आत वळली होती.

तिला पुढचं बोलायचं नव्हतं. पण न बोलून तरी काय होणार होतं? "रविवारी आमच्याकडं पाहुणे यायलेत," ती म्हणाली. पुण्यात राहून पुसट झालेली घरची बोली अशा वेळी आपोआप जिभेवर यायची.

"पाहुणे म्हंजे... पाहुणे?"

"हं. तसलेच."

पाणी कोसळत होतं. पलीकडं एक लहान मुलगी आनंदानं किंचाळली.

"चांगलं हाय की मग," तो म्हणाला.

एवढंच? राजनंदिनीनं त्याच्याकडं पाहिलं. तो पाण्याकडं बघत होता, टक लावून, जणू तिथं कुणी गणित मांडून ठेवलंय. कणीस गार झालं होतं. तिनं ते तसंच पिशवीत टाकलं. "चला. उशीर झाला," ती म्हणाली, आणि स्कुटीकडं चालू लागली.

*

रविवारी सकाळी आई, सरस्वतीबाई, म्हणाली, "तेवढा पट्टा काढून ठेव गं. पाहुण्यांपुढं कशाला?"

पट्टा निघाला. सुजलेल्या मनगटावर हिरव्या बांगड्या चढल्या, चढताना डोळ्यांत पाणी आणून गेल्या. मग चहाचा ट्रे. बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत तिनं तो आणला. पण पुढच्या पावलाला अंगठ्यातून कळ निघाली ती कोपरापर्यंत गेली. कपबशा खणखणल्या, चहा हिंदकळला. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"हाताला काय झालंय पोरीच्या?" मुलाच्या आईनं विचारलं.

सरस्वतीबाई काहीतरी सारवासारव करणार, इतक्यात राजनंदिनीनं ट्रे तिथंच कोनाड्यात टेकवला. आतून पट्टा आणला आणि सगळ्यांसमोर हाताला बांधला.

"लॉकडाऊनमध्ये ऑफिसचं काम ह्याच हातानं केलं, घरचंही ह्याच हातानं केलं," ती म्हणाली. "आता बरा होतोय. पण आज ट्रे उचलवत नाही मला."

"म्हंजे भाकरीबी येत न्हाई?"

"येते. पण सध्या थापवत नाही."

मुलगा मोबाइलमध्ये बघत होता. मुलाच्या आईनं मुलाच्या वडिलांकडं पाहिलं. तेव्हा राजनंदिनीचे वडील मोहनराव, घरात आजवर पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं न घेतलेले, उठले. कोनाड्यातला ट्रे त्यांनी उचलला आणि एकेकाच्या पुढं केला. "घ्या. गार होईल."

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी मोहनराव तिच्याजवळ येऊन बसले. पट्टा सैल झाला होता, तो त्यांनी नीट ओढून बसवला. "आवळला का लई?"

"नाही."

"तो काढायला सांगायला नको होतं आमी," ते म्हणाले, आणि उठून गोठ्याकडं गेले. आत सरस्वतीबाई एकटीच भाकरी थापत होती. त्या दिवसानंतर तिनं लेकीला परातीजवळ बोलावलं नाही.

*

गहिनीनाथ दवाखान्यात यायचा बंद झाला.

एक आठवडा गेला. दुसरा गेला. बाकावरची फुलीची जागा आणि तिच्यापलीकडची, दोन्ही रिकाम्या. राजनंदिनीचा अंगठा आता बराच वळत होता. डॉक्टर खूष होत्या, पण तिचं लक्ष दाराकडं असायचं. फोन करावा का? चांगलं हाय की, असं म्हणणाऱ्या माणसाला कशाला करायचा फोन! त्यातच कंपनीचा मेल आला. एक तारखेपासून पुण्यात, ऑफिसात हजर व्हायचं.

"ते डावं कोपर..." शेवटी तिनं डॉक्टर ऋतुजांना विचारलंच. "येत नाहीत का आता?"

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "कुणाला सांगू नका म्हणालेत. पण 'कुणाला' म्हणताना नजर या तुमच्या खुर्चीकडं होती, म्हणून सांगते. आज सकाळी ऑपरेशन झालं त्यांचं. इथंच, बसस्टँडच्या मागच्या दवाखान्यात. चांगलं झालंय."

राजनंदिनी छत्री तिथंच विसरून निघाली.

खोलीच्या दाराशी स्टुलावर एक नऊवारीतली बाई बसली होती. तिनं पट्ट्यातला हात पाहिला, मग चेहरा पाहिला. "पालीची का गं तू?"

"हो... तुम्ही?"

"मी सुंदरबाई. त्याची माय. बस आत. मी च्या पिऊन येते, बसून बसून लई अवघडले." आणि ती तुरुतुरु निघूनही गेली.

आत गहिनीनाथ डोळे मिटून पडला होता. कोपराला जाड पट्टी, हात उशीवर. राजनंदिनी आवाज न करता बसली. त्याचा हात तिनं डाव्या हातात घेतला. केवढा जड होता! कोमट, सैल, झोपलेल्या बाळासारखा. त्याला काहीच कळलं नाही.

खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडावरून पाणी ठिबकत होतं. ती बघत बसली. मग अगदी हळू, त्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "पाहुणे परत गेले. मला हायसं वाटलं. का वाटलं, ते तुम्हाला कळायला पाहिजे होतं... गणिताचे मास्तर ना तुम्ही?"

"न्हाई कळलं खरं," तो म्हणाला.

ती दचकली. त्यानं डोळे उघडले होते.

"जागे होतात?"

"आत्ताच झालो. कधी आलात?"

"बराच वेळ झाला. हात धरलाय मी तुमचा."

त्यानं मान वळवून पाहिलं. स्वतःचा हात, आणि तो धरलेला तिचा हात. त्याचा चेहरा रडवेला झाला आणि हसराही. "बघा! सगळा हातच बधिर केलाय आज. आजच!"

"सोडू का?"

"नका! असू द्या... भूल उतरस्तवर तरी."

तिनं हात तसाच धरून ठेवला. मग तोच म्हणाला, "त्या दिवशी धरणावरनं खोलीवर आलो. रातभर झोप न्हाई. वाटलं, मी ह्या दोन बोटांसाठी भिऊन बसलोय, आन् तिकडं माणूस हातचं चाललंय. तुमाला विचारायचं होतं. पण भित्र्या तोंडानं काय विचारायचं? म्हणून आधी हे उरकलं."

"आणि तोवर माझं लग्न ठरलं असतं तर?"

"त्याचंबी भ्या वाटत होतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तिला हसूच फुटलं. "मग विचारा आता."

"राजनंदिनी, तू... तुमी..."

"तू चालेल."

"माझ्यासंगं लग्न करशील का? बोटं सुधरायला कित्येक महिने लागतील म्हणतेत. सगळी सुधरतील असंबी न्हाई."

"मी एक तारखेला पुण्याला चाललेय." त्याचा चेहरा उतरला, तशी ती घाईनं म्हणाली, "ऑफिस उघडलंय. काम सोडणार नाही मी."

"सोड म्हणलो का मी? पुण्यात काय गणित शिकवत न्हाईत?"

"आणि भाकरी..."

"मला येतेत. माय आजारी होती तवा शिकलो. जरा वाकड्या होतेत, पण पोटात गेल्यावर कोण बघतंय!"

तिनं खिडकीकडं पाहिलं. पानांवरून घरंगळणाऱ्या थेंबांत ऊन अडकलं होतं, आणि तिला वाटलं, हे सगळं आपण अंथरुणात पडून कल्पना करतोय की काय. पण हातातला हात चांगलाच जड होता. "हो," ती म्हणाली. "पण बाबांना तुम्ही विचारायचं."

"तू म्हण की मलाबी."

"...तू विचारायचं."

"पट्टी सुटली की येतो. न्हाई... पट्टीसकटच येतो."

दारात सुंदरबाई उभी होती, हातात चहाचे तीन कागदी कप. तिनं दोघांकडं पाहिलं आणि कप टेबलावर ठेवले. तेवढ्यात गहिनीनाथचा चेहरा एकदम आक्रसला. त्यानं ओठ दाबून धरले.

"काय रं? दुखायलंय का? बोलावू का सिस्टरला?"

"थांब माय," तो म्हणाला. आधी कोपरात ठणका आला होता. मग हळूहळू तळहाताला काहीतरी मऊ, उबदार लागायला लागलं होतं... तिची बोटं. त्यानं आपला अंगठा जेमतेम हलवला आणि तिच्या बोटांवर टेकवला. "कुणाला बोलावू नको जरा वेळ. आत्ता कुठं कळायला लागलंय."